होस्टेलवरून घरचा कॉम्प्युटर

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मिनी प्रोजेक्टचं सबमिशन सोमवारी आणि सिम्युलेशनची शेवटची फाईल घरच्या डेस्कटॉपवर! माझा लॅपटॉप ते सिम्युलेशन चालवताना टेबल फॅनसारखा आवाज करतो, म्हणून सुट्टीत सगळं काम घरच्या मशीनवर केलेलं. शनिवारी संध्याकाळी घरी फोन लावला.

"आई, स्टार्टवर क्लिक कर."

"स्टार्ट कुठे लिहिलंय? इथे नुसती खिडकी आहे."

"तीच गं!"

"बरं थांब, कुकर उतरवून येते."

फाईल रात्री साडेअकराला आली, आणि तीही जुनी. तेव्हाच ठरवलं की घरचा कॉम्प्युटर होस्टेलवरून चालवता आलाच पाहिजे. आता येतो. पण मधल्या काळात मी जे उद्योग केले ते तुम्ही करू नयेत, म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. घरी राऊटर एकच. त्याच्यावर आई-बाबांचे फोन, भावाचा गेम, तो डेस्कटॉप (ज्यात बाबांच्या दुकानाचे हिशेबही आहेत) आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे काका-काकू. नेटचं बिल निम्मं निम्मं. राऊटर प्रत्येकाला एक पत्ता देतो, आमच्याकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली असे तीन गट ठरले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे.

खासगी म्हणजे कसं, तर आपली खोली नंबर १२. खोली नंबर १२ प्रत्येक होस्टेलला असते, पोस्टमन तेवढ्यावर पत्र आणून देऊ शकत नाही. बाहेरच्या जगाला फक्त राऊटरचा पत्ता दिसतो. आतून कुणी बाहेर काही मागवलं की राऊटर वॉचमनसारखा वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत पोचवतो. पण वहीत नोंद नसताना कुणी गेटवर आलं तर सरळ परत पाठवतो. यालाच नॅट म्हणतात. ही काटकसर करावी लागली कारण आयपी आवृत्ती ४ चे पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले.

म्हणजे प्रश्न एवढाच की मी गेटबाहेर उभी आहे आणि वॉचमन मला आत सोडत नाही.

पहिला उपाय मी सगळ्यांसारखाच केला. स्क्रीन शेअर करायचं एक ॲप घरी आणि इकडे टाकलं. घरच्या स्क्रीनवर नंबर येतो, आईने तो फोनवर वाचून दाखवायचा, मी टाकायचा, आईने 'अलाऊ' दाबायचं. हे लगेच चालतं, कारण दोन्हीकडचं ॲप आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडलं जातं, दोन्ही वॉचमनच्या वहीत रीतसर नोंद होते. आईलाही सवय झाली. मी फोन केला की ती आपणहून नंबर वाचायला लागायची.

महिन्याभराने आईला दुसराच फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, एक ॲप टाका आणि नंबर सांगा. आईला त्यात वेगळं काही वाटलंच नाही! तिची पोरगीही हेच सांगते. तिने मोबाईलवर ॲप टाकायला घेतलं, तेवढ्यात भाऊ क्लासवरून आला आणि फोन हिसकावला, म्हणून वाचलो. अशा ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. चोरांना आईला काही शिकवावं लागलं नाही, शिकवणी मीच घेतली होती. रात्री जेवण गेलं नाही. ॲप दोन्हीकडून काढलं. आता आमच्या घरी नियम आहे, नंबर कुणालाच वाचून दाखवायचा नाही, मलासुद्धा.

मग मी जास्त शहाणपणा केला. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप असतोच. (होम आवृत्तीवर बाहेरून लॉगिन घेता येत नाही, प्रो लागते. आमच्याकडे प्रो होती.) तो ३३८९ नंबरच्या पोर्टवर ऐकतो. पोर्टला मराठीत शब्द शोधला तर 'बंदर' मिळालं, म्हणून मी 'दार' म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत राऊटरला सांगितलं की बाहेरून ३३८९ ला कुणी आलं तर डेस्कटॉपकडे पाठव. पोर्ट फॉरवर्डिंग! होस्टेलवर येऊन लॉगिन केलं, घरचा वॉलपेपर दिसला. रूममेट्सना चहा पाजला.

चार दिवसांनी सहज इव्हेंट व्ह्यूअर उघडला. चुकलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या नंबरने होते. स्क्रोल करता करता बोट दुखलं. 'ॲडमिन', 'युजर', 'टेस्ट', कुठकुठली नावं लावून कुणीतरी मिनिटामिनिटाला दार ढकलत होतं. कुणी माणूस नव्हे, प्रोग्राम. ते दिवसरात्र सगळ्या पत्त्यांवरून फिरतात. पोर्टचा नंबर बदलूनही फार काही साधत नाही, शोधणारे सगळेच नंबर बघतात. पासवर्ड कितीही भारी असला तरी खात्री नाही. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, त्यात पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, जिचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता. यावरून काय ते समजा.

माझी खरी चूक मात्र तांत्रिक नव्हती. तो डेस्कटॉप कुणाच्या हातात गेला असता तर तिथून राऊटरवरच्या बाकी सगळ्यांपर्यंत रस्ता मोकळा. वरचे काका घरून ऑफिसचं काम करतात. त्यांना मी विचारलंही नव्हतं. पोर्ट बंद केलं आणि काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "दार तुमचं उघडलंस खरं, पण जिना आपला एकच आहे ना गं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता जे चालू आहे ते सांगते. डेस्कटॉपवर वायरगार्ड टाकलं. हा एक बोगदा आहे, दोन मशीनच्या मधला, पूर्ण एन्क्रिप्टेड. मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच येतो, विंडोजसाठी वेगळा मिळतो, फुकट. पासवर्ड नाही, प्रत्येक मशीनची चाव्यांची जोडी असते. खासगी चावी त्या मशीनबाहेर जात नाही, सार्वजनिक चावी एकमेकांना द्यायची. राऊटरवर दार एकच उघडलं, यूडीपी ५१८२०. यातली गंमत अशी की ओळखीची चावी नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. 'चूक' असंही म्हणत नाही. बाहेरून ढकलणाऱ्याला तिथे दार आहे हेच कळत नाही.

बोगद्याच्या आत डेस्कटॉपला १०.७७.०.१ आणि माझ्या लॅपटॉपला १०.७७.०.२ असे पत्ते दिले. साधे १ किंवा ० टाळले, कारण अनेक ठिकाणचं वायफायही तेच नंबर वापरतं. घरी आणि इकडे दोन्हीकडे सारखाच गट असेल तर लॅपटॉप घरचं मशीन इथेच शोधत बसतो आणि आपण केस उपटत बसतो. लॅपटॉपच्या 'अलाऊड आयपीज'मध्ये फक्त १०.७७.०.१/३२ लिहिलं. शिवाय विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाचा स्कोप १०.७७.०.२ एवढाच ठेवला. म्हणजे मी त्या एका मशीनपर्यंत पोचते, काकांच्या किंवा आईच्या फोनपर्यंत नाही. दुकानाच्या हिशेबाच्या अकाउंटवरून लॉगिन करत नाही, माझं वेगळं साधं अकाउंट आहे. राऊटरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता रिझर्व्ह केला, नाहीतर एखाद्या दिवशी तो पत्ता भावाच्या फोनला मिळायचा आणि फॉरवर्डिंग तिकडे! राऊटरचा बाहेरचा पत्ता बदलत राहतो, त्यासाठी डायनॅमिक डीएनएसचं एक नाव घेतलं.

काका-काकूंना त्यांच्या संमतीने गेस्ट नेटवर्कवर टाकलं. आता प्रिंट काढायला बाबांना पेनड्राईव्ह घेऊन वर जावं लागतं, कारण प्रिंटर काकांचा. बाबा कुरकुरतात. चहा मिळतो म्हणून जातातही.

हे करण्याआधी एक तपासा, नाहीतर माझ्या रूममेटसारखे दोन दिवस फुकट जातील. राऊटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता आणि 'माझा आयपी काय' असं शोधल्यावर येणारा पत्ता एकच आहे का? वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने तुमच्या राऊटरलाही खोली नंबर १२ दिलाय, म्हणजे गेटबाहेर आणखी एक गेट! हा गट २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा, किंवा टेलस्केलसारखं काही वापरा. त्यात दोन्ही मशीन आतूनच बाहेर निघून एकमेकांना गाठतात.

(होस्टेलचं फायरवॉल यूडीपी अडवतं. सर वाचत असतील म्हणून सांगते, मी ते चुकवत नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट वापरते.)

दोन भांडणं अजून बाकी आहेत. विंडोजच्या डेस्कटॉपवर एका वेळी एकच माणूस बसतो. मी लॉगिन केलं की भावाच्या स्क्रीनवर परवानगीचा मेसेज येतो, त्याने वेळेत 'नाही' म्हटलं नाही तर तो बाहेर. एकदा ऐन मॅचमध्ये असं झालं, आठ दिवस बोलला नाही. दुसरं भांडण आजीशी. पावसात वीज कडाडली की ती भिंतीवरचं बटण बंद करते, आणि तिचं बरोबरच आहे. बायॉसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग करून ठेवलंय, पण बटण लावायचं आजीला आठवलं पाहिजे. भाऊ शटडाऊन करून गेला तर तेही सेटिंग उपयोगाचं नाही. वेक ऑन लॅनचं १०२ बाइट्सचं पॅकेट असतं, पण ते घरच्या नेटवर्कमधूनच कुणीतरी पाठवायला हवं आणि बोगद्याचं घरचं टोक तर त्याच झोपलेल्या मशीनमध्ये आहे. सध्या भावाला मेसेज करते, तो जाऊन बटण दाबतो. दर वेळी एक वडापाव, हिशेब सुट्टीत. आत्तापर्यंत सतरा झालेत.