मानाची टोपी, कामाची टोपी

घरात किंवा सभागृहात शिरताना पुरुषाने डोक्यावरची टोपी काढावी की ठेवावी? प्रश्न लहान दिसतो. पण त्याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही.

युरोपात घरात अथवा चर्चमध्ये जाताना पुरुषाने हॅट काढून हातात घ्यावी, असा शिष्टाचार रूढ झाला. महाराष्ट्रातील जुनी रीत याच्या उलट होती. आपल्याकडे वहाणा उंबऱ्याबाहेर राहत आणि पागोटे मस्तकावर राही. वडीलधाऱ्यांसमोर वा दरबारात बोडक्या डोक्याने जाणे अमर्यादेचे मानीत. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्या चित्रांत दिसणारी पगडी ही त्याच रीतीची खूण होय. १९२० साली सुरू झालेल्या असहकाराच्या चळवळीत खादीची पांढरी टोपी असंख्य लोकांनी स्वीकारली, आणि पगडीचा मान तिलाही मिळाला. पुढे शहरांतील तरुण उघड्या डोक्याने वावरू लागले. आज त्यात कोणी वावगे मानीत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात जुन्या-नव्या रीती शेजारी शेजारी नांदतात. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीस मुक्कामाला येते, तेव्हा टोप्या व फेटे घातलेले वारकरी तसेच कीर्तनास बसतात. गुरुद्वारात तर पाहुण्यानेही मस्तक झाकूनच जावयाचे असते.

आता अशी कल्पना करा. खेड तालुक्यातील एक आजोबा नातवाच्या शाळेतील समारंभास आले आहेत. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे. शेजारी बसलेल्या नातवाच्या डोक्यावर क्रिकेटची. गुरुजी नातवाला टोपी काढावयास सांगतात. आजोबांना मात्र काहीच म्हणत नाहीत. नातू मनात म्हणतो, “हा पक्षपात नव्हे काय?”

हा पक्षपात नव्हे. आजोबांची टोपी मानाची आहे. तिच्यामुळेच ते सभेचा आदर राखतात. ती काढावयास लावणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होय. नातवाची टोपी उन्हासाठी आहे. छताखाली येताच तिचे काम संपते. दुचाकीवरून आलेल्या माणसाने बँकेत शिरताना हेल्मेट काढावे, तेही याच न्यायाने. रस्ता संपला, आणि समोरच्याला आपला चेहराही दिसावयास हवा.

पण छप्पर आले की काम संपलेच, असे नाही. कारखान्यात डोक्यावरून अवजड भाग उचलून नेले जातात. तेथे एखादी वस्तू निसटली, तर हेल्मेटचे कठीण कवच तो आघात झेलते आणि आतील पट्ट्या त्याचा जोर डोक्यावर एकाच जागी पडू देत नाहीत. म्हणून अशा जागी साहेब आला तरी कामगार हेल्मेट काढीत नाही. उलट साहेबालाही ते घालावे लागते. तेथे जिवाची काळजी हाच शिष्टाचार.

तेव्हा टोपी पाहून माणसाची पारख करण्याची घाई करू नये. ती मानाची की कामाची, आणि आपण कोणाच्या घरी आलो आहोत, एवढे आधी जाणावे.

स्वाध्याय
१. गुरुजींनी आजोबांना टोपी काढावयास का सांगितले नाही?
२. कारखान्यात छताखालीही हेल्मेट का घालतात?
३. ‘टोपी घालणे’, ‘टोपी फिरवणे’ या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.