पहिल्या शिक्षिकेचे पहिले वर्ष

प्रस्तावना

शाळा म्हटली की इमारत, फळा, बाके आणि घंटा डोळ्यांसमोर येतात. यांपैकी काही नसले तरी शाळा चालू शकते. शिक्षक नसेल तर मात्र चालत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढताना जोतीराव फुले यांच्यापुढे हीच अडचण होती. ती सावित्रीबाई फुले यांनी कशी दूर केली आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
- मुलींच्या शाळेपुढील सुरुवातीच्या अडचणी सांगता येतील;
- उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाचे मोल स्पष्ट करता येईल;
- शिक्षकाच्या कामाची व्याप्ती स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. तेथे मुलगे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे पाठ करीत. मुलींना मात्र त्या शाळांची दारे बंद होती. मुलगी शिकली तर घरावर संकट ओढवते, अशी समजूत समाजात रुजलेली होती.

जोतीरावांचे शिक्षणही सलग झाले नव्हते. प्राथमिक शिक्षणानंतर त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावण्यात आले होते. पुढे हितचिंतकांनी वडिलांचे मन वळवले आणि १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शाळा सुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच शिक्षणाची संधी न मिळालेल्यांचे दुःख त्यांना परके वाटले नाही. त्यांनी घरातूनच प्रारंभ केला आणि सावित्रीबाईंना लिहिण्या-वाचण्यास शिकवले.

अहमदनगर येथे मिस फरार चालवीत असलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि पुण्यात तशी शाळा काढण्याचा निश्चय केला. शहराच्या मध्यवस्तीत, बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली ही शाळा सुरू झाली. भारतीयांनी मुलींसाठी काढलेल्या आरंभीच्या शाळांमध्ये तिची गणना होते. जागा मिळाली, पण शिकवणार कोण? लोकमताच्या विरोधात जाऊन मुलींना शिकवण्यास शिक्षक सहजासहजी तयार होत नसत, आणि शिकलेल्या स्त्रिया तर दुर्मीळच होत्या. सावित्रीबाईंनी ही जबाबदारी स्वीकारली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

वर्गात मुली मोजक्याच होत्या. वाचन, लेखन आणि अंकगणित शिकवणे हे काम वर्गाच्या चार भिंतींतले. परंतु खरी परीक्षा भिंतींबाहेर होती. मुलीने घरकाम सांभाळावे, धाकट्या भावंडांना पाहावे, लहान वयात सासरी जावे, अशी रीत होती. त्यामुळे आज वर्गात बसलेली मुलगी उद्या येईल, याची शाश्वती नसे. अशा शाळेत शिक्षिकेला मुलींबरोबर त्यांच्या आईवडिलांचाही विश्वास मिळवावा लागतो.

शाळेत जाण्याची वाटही सोपी नव्हती. रस्त्यात लोक सावित्रीबाईंना अपशब्द ऐकवीत, अंगावर चिखल आणि शेण टाकीत, असे आठवणींतून सांगितले जाते. त्या एक जादा लुगडे जवळ ठेवीत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून शिकवू लागत. १८४९ साली समाजाच्या दडपणामुळे जोतीरावांच्या वडिलांनी मुलाला व सुनेला घर सोडण्यास सांगितले. शाळा की घर, असा तो प्रसंग होता. त्या दोघांनी घर सोडले. शिकवण्याचे व्रत सोडले नाही.

या धैर्याचे फळ लवकरच दिसू लागले. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथेही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार करण्यात आला. परंतु शाळेचे खरे यश सत्कारात नसते. ते विद्यार्थ्यांच्या वाणीत आणि लेखणीत असते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अक्षराचा अधिकारच नाकारला होता, त्यांतील एक मुलगी आता समाजाला प्रश्न विचारीत होती. स्वतः सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह त्याआधीच, १८५४ मध्ये, प्रकाशित झाला होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. कायद्याने शाळेचे दार उघडते. पण दारापर्यंत आलेले मूल आत टिकवण्याचे काम आजही शिक्षकालाच करावे लागते.

सावित्रीबाईंना बालपणी शाळा मिळाली नाही. त्या मोठेपणी शिकल्या आणि शिकताच दुसऱ्यांना शिकवू लागल्या. शिक्षण उशिरा सुरू झाले म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

शब्दार्थ

पंतोजी – जुन्या काळातील शिक्षक
धूळपाटी – अक्षरे गिरवण्यासाठी धूळ पसरलेली पाटी
शाश्वती – खात्री
दांपत्य – पतिपत्नी

स्वाध्याय

१. सावित्रीबाईंपुढील वर्गातील आणि वर्गाबाहेरील अडचणी लिहा.
२. ‘शाळेचे खरे यश सत्कारात नसते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण कोणत्या कारणाने थांबले? ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.