परीक्षार्थ्याच्या घरचा बंदोबस्त

दहावीची परीक्षा मुलाची असते, पण तिची भीती बहुतेक घरांत वडिलोपार्जित असते. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्यार्थी तीत उत्तीर्ण झाले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे या एका परीक्षेवर मराठी घरांचे भवितव्य टांगलेले राहिले. जो ती पार करी त्याला कचेरीत कारकुनी, शाळेत मास्तरकी किंवा रेल्वेत चाकरी मिळे, आणि जो अडखळे त्याच्या नावापुढे ‘मॅट्रिक फेल’ ही उपाधी लग्नाच्या बोलणीतसुद्धा निःसंकोचपणे लावली जाई. विद्यापीठाकडची ती परीक्षा पुढे एस.एस.सी. मंडळाकडे आली, १९६६ साली सध्याचे राज्य मंडळ स्थापन झाले, १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीलाच शालान्त परीक्षा होऊ लागली, गुणवत्ता यादी जाहीर करण्याची प्रथाही मंडळाने बंद केली. परंतु कायदेकानू बदलले तरी आजोबांच्या मनातली धास्ती मात्र पुढल्या पिढ्यांच्या सातबाऱ्यावर जशीच्या तशी चढत आली.

या धास्तीपायी आईबापांच्या हातून एक विपरीत गोष्ट घडते. घरात एक परीक्षार्थी असतो, तेथे पाहता पाहता तीन-चार परीक्षक उत्पन्न होतात. वडील संध्याकाळी कामावरून आल्याबरोबर दिवसाचा जाब विचारतात, आई दर तासाला खोलीत डोकावून रुजुवात घेते, पुण्याचे मामा फोनवरून आपल्या चिरंजिवांच्या टक्केवारीचा दाखला देतात. माझे म्हणणे एवढेच की मंडळाने परीक्षक नेमलेले आहेत, त्यांना त्यांचे मानधनही मिळते, तेव्हा ते काम त्यांच्याकडे ठेवून पालकांनी घरच्या बंदोबस्ताचे काम पत्करावे. कारण ते दुसरे कोणीही करू शकत नाही आणि मुलाला प्रत्यक्ष गरज असते ती त्याचीच.

मावळात तर हा बंदोबस्त सोपा नाही. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत माघ-फाल्गुनाचे दिवस म्हणजे भाताची कामे उरकून हात मोकळे झालेले आणि लग्नसराई ऐन भरात आलेली. मांडव, हळद, टिळा यांच्या निमंत्रणांना नाही म्हणणे म्हणजे भावकीशी वैर धरणे, अशी सर्वांची समजूत. त्यात गावोगावचे हरिनाम सप्ताह, त्यांचे ध्वनिक्षेपक, देहूची तुकाराम बीज, बैलगाड्यांच्या शर्यती. दहावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे बीजेचा दिवस पुष्कळदा परीक्षेच्या धामधुमीतच किंवा तिच्या शेवटाला येतो. लोणावळ्यात याहून निराळी तऱ्हा: तेथे शनिवार-रविवार हा साऱ्या मुंबई-पुण्याच्या विश्रांतीचा आणि स्थानिकांच्या कष्टाचा दिवस, ज्या घरात खानावळ, चिक्कीचे दुकान किंवा भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत तेथे मुलालाही गल्ल्यावर बसवण्याची चाल. मुलाने आयुष्यभर गल्ल्याजवळ फिरकू नये असे मी म्हणत नाही, त्या शिक्षणाचीही किंमत मोठी आहे. परंतु जानेवारीतील सराव परीक्षेपासून शेवटच्या पेपरापर्यंत त्या कामातून त्याला सुट्टी असल्याचे घरातल्या कर्त्या माणसाने सर्वांसमक्ष जाहीर करावे. लग्नांचेही तसेच. कोणत्या दोन लग्नांना सर्वांनी जायचे आणि बाकीच्यांना कोणी एकट्याने जाऊन आहेर करायचा, याचा फैसला जानेवारीतच करून ठेवला म्हणजे ऐन वेळी मुलाच्या देखत वाद होत नाहीत. सप्ताहाच्या मंडळींना भेटून रात्री दहानंतर कर्णा बंद ठेवण्याची विनंती एकट्या पालकाने केली तर तो नास्तिक ठरतो. गावातल्या दहावी-बारावीच्या दहा घरांनी मिळून केली तर बहुधा मान्य होते, शिवाय दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे.

बंदोबस्ताचा दुसरा भाग झोपेचा. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या पूर्वजांच्या कथा प्रत्येक घरात असतात, मात्र ते पूर्वज कंदील विझवून रात्री नऊला निजत असत हा कथेचा पूर्वार्ध सांगायचा राहून जातो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि दिवसा वाचलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. तेव्हा रात्री एकपर्यंत जागून पुन्हा पहाटे उठणारा मुलगा दिसायला तपस्वी दिसला तरी तो आपलीच मिळकत गमावत असतो. मोबाईल मुलाच्या खोलीत रात्री असू नये, हे सर्व जण सांगतात. मी त्यात इतकीच भर घालीन की तो वडिलांच्याही उशाशी असू नये, कारण जे फर्मान काढणाऱ्यालाच लागू नाही ते सोळा वर्षांचे मूल मानत नसते.

आता अभ्यासाविषयी. येथे मावळातील पालकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक, ज्यांचे स्वतःचे शिक्षण चौथी-सातवीवर थांबले आणि म्हणून ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय’ असे म्हणून जे बाजूला होतात. दुसरा, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत अभियंता किंवा पर्यवेक्षक म्हणून काम करणारा आणि बीजगणिताचे पुस्तक हिसकावून ‘आमच्या वेळी हे असं सोडवायचो’ म्हणणारा. माझा अनुभव असा की दुसऱ्यापेक्षा पहिल्याच्या हातून नुकसान कमी होते, आणि थोडी दिशा मिळाली तर फायदा अधिक होतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यानंतरच्या संशोधनातून हे पुरेसे स्पष्ट झाले आहे की पुस्तक उघडे ठेवून तेच पान पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केला, आणि तो काही दिवसांच्या अंतराने पुन्हा केला, तर लक्षात अधिक राहते. आठवून सांगायचे म्हटले की कोणी ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्याला विषय येत नसेल तर फारच उत्तम. ज्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही तिला नातीने प्रकाशाचे अपवर्तन समजावून द्यावे; आजी मध्येच ‘म्हणजे काय गं?’ असे विचारील, नात अडखळेल, आणि जेथे ती अडखळली तेथेच तिचे कच्चे आहे हे तिला कोणीही न बोलता उमगेल. या कामाला शिकवणीची फी पडत नाही, आणि पुस्तकही बालभारतीचेच पुरते. त्यातले स्वाध्याय हाताने लिहून न सोडवता बाजारातील मार्गदर्शिकांचे ढीग रचणे हा शुद्ध अपव्यय होय.

मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ज्यांना रेल्वेची माणसे बँकर म्हणतात, ते दृश्य लोणावळेकरांच्या नित्य परिचयाचे आहे. ही इंजिने भोर घाटाच्या चढावर गाडीला मागून रेटा देतात, पुढे येऊन मार्ग ठरवीत नाहीत, आणि चढ संपला की सुटी होतात. पालकत्वाची याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही. विशेषतः सुटे होण्याचा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परीक्षेच्या दिवसांतला रेटा कोणता? आंदर मावळातल्या वाडीवरून वडगाव, कामशेत किंवा तळेगावच्या केंद्रावर येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पेपरापेक्षा प्रवास अवघड असतो. पेपर सुरू होण्यापूर्वी अर्धा तास केंद्रावर हजर राहावे लागते, एस.टी. चुकली, लोकल उशिरा आली, शनिवारच्या पेपराला लोणावळा-खंडाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, यांपैकी कशाचीही सबब केंद्रसंचालकासमोर चालत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच वाहनाने एकदा केंद्रापर्यंत जाऊन यावे, आणि शेजारच्या घरांनी मिळून एखादी जीप ठरवून टाकावी. प्रवेशपत्राच्या दोन छायाप्रती घरात असाव्यात. २०२३ पासून मंडळ पेपराच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देते, ती उत्तरपत्रिका तपासण्यासाठी वापरायची सवय सरावातच लावावी. गणित आणि विज्ञान यांचे दोन-दोन भाग निरनिराळ्या दिवशी चाळीस-चाळीस गुणांचे असतात, भूमिती सुटली नाही म्हणून बीजगणित बुडत नाही. आणि नेमके याच कारणासाठी घरी आलेल्या मुलाच्या हातातून प्रश्नपत्रिका घेऊन एकेका उत्तराची जबानी घेणे बंद केले पाहिजे. झालेला पेपर मंडळाच्या ताब्यात गेला. मुलाने गरम वरणभात खावा, तासभर आडवे व्हावे आणि पुढच्या विषयाला लागावे.

खर्चाचा आणि उपकारांचा हिशेब मुलाला ऐकवणे हा आमच्या समाजातील एक जुना दोष आहे. ‘तुझ्यासाठी जमीन विकली’ हे वाक्य मावळात आता केवळ अलंकारिक राहिलेले नाही. द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती आणि बंगल्यांचे प्लॉट यांपायी जमिनी खरोखरच गेल्या आहेत आणि त्या पैशातून शिकवण्यांची फी भरली जात आहे. परंतु तो व्यवहार प्रौढांनी प्रौढांच्या विचाराने केला, त्याची परतफेड पंधरा वर्षांच्या मुलाने टक्क्यांच्या रूपाने करावी ही अपेक्षा ना न्यायाची ना शहाणपणाची.

पुढे काय, हा प्रश्न येतोच. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होतात, पसंतीक्रम भरताना मुलाच्या शेजारी बसावे, की-बोर्ड त्याच्याच हाती राहू द्यावा. विज्ञान शाखा म्हणजे हुशारी आणि आय.टी.आय. म्हणजे शिक्षा, ही प्रतवारी ज्या तालुक्यात टिकून आहे त्याच तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते, जेथे विद्येच्या जोडीला उद्योगाचे शिक्षण देण्याचा आग्रह होता आणि जे १९१० साली इंग्रज सरकारने बंद पाडले. हाताच्या कौशल्याला कमी लेखण्याचे काम परकीय सत्तेने करावे हे समजते, आपण ते आज का चालू ठेवावे हे समजत नाही. त्याच तळेगावात गोपाळ नीलकंठ दांडेकर दीर्घकाळ राहिले. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने त्यांनी बालपणीच शाळा सोडली होती, आणि १९७६ साली ‘स्मरणगाथा’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. (हे उदाहरण मुलाने अभ्यास टाळण्यासाठी वापरल्यास, दांडेकरांनी शाळेबाहेर किती वाचले आणि पायी किती हिंडले तेही त्याला सांगावे.)

काही मुलांची अडचण आळसाची नसते. अक्षरे उलटीसुलटी दिसणारा, आकडेमोडीत नेहमीच घसरणारा मुलगा अध्ययन अक्षमतेचा असू शकतो, आणि अशांना वाढीव वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मंडळ देते. मात्र अधिकृत प्रमाणपत्रासह प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, फेब्रुवारीत धावपळ करून भागत नाही. जेवण टाकणे, रात्ररात्र न झोपणे, मित्रांशी बोलणे बंद होणे, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा, ही लक्षणे दिसली तर तो नाटक करतो आहे असे म्हणून घालवू नका. १४४१६ हा शासनाचा ‘टेलिमानस’ दूरध्वनी क्रमांक अहोरात्र चालू असतो, त्यावर मुलाला किंवा तुम्हाला मराठीत बोलता येते. आणि धोका तातडीचा वाटला तर मुलाला एकटे न सोडता सरळ रुग्णालय गाठावे.

निकालापूर्वीच घरात एक गोष्ट सर्वांना माहीत असावी. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही ए.टी.के.टी.च्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. गुण चुकले असे वाटल्यास गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो, गुण कमी पडले तर श्रेणीसुधाराची संधी असते, आणि २०१५ पासून पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होत असल्याने वर्ष वाया जात नाही. या अर्जांच्या मुदती मात्र निकालानंतर थोड्याच दिवसांच्या असतात, आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेतूनच भरायचा असतो. म्हणून गरज पडल्यास निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मुलाला बरोबर घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे.