फाइल पोहोचत का नाही?

बंगळूरमधील एखाद्या विद्यार्थ्याने प्रवेश-अर्जाला गुणपत्रिकेची फाइल जोडली, अर्ज पाठविला, आणि कोरा अर्जच पुन्हा समोर आला, असे समजू. प्रथम अर्जाचा साचा पाहावा. त्यात ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ असे नमूद नसेल, तर सर्व्हरकडे फाइलचे केवळ नाव जाते. पीएचपीमध्ये मुळात एका फाइलला 2 मेगाबाइट व संपूर्ण अर्जाला 8 मेगाबाइट अशी मर्यादा असते. पहिली ओलांडल्यास 1 हा त्रुटिक्रमांक मिळतो. दुसरी ओलांडल्यास मात्र विद्यार्थ्याच्या नावासकट सारी माहिती लुप्त होते; त्रुटिक्रमांकही मिळत नाही. सर्वांत फसवा दोष हाच. सर्व्हरच्या नोंदींत तेवढी एक सूचना उमटते, पण ती अर्जदाराला कोठून दिसणार? म्हणून आलेल्या मजकुराची लांबी आज्ञावलीने आधी तपासावी व कारण स्पष्ट कळवावे. एरवी तो तीच फाइल पुनःपुन्हा पाठवीत राहतो आणि मुदत टळून जाते.