तलफ आणि सुटका

मराठीत ‘सवय’ या शब्दाभोवती बरेच शब्द जमा झालेले आहेत. पहाटे उठणे ही सवय, नखे कुरतडणे ही खोड, हातातली वस्तू सारखी फिरवत राहणे हा चाळा, आणि ज्यावाचून जीव कासावीस होतो ते व्यसन. यांच्यामधल्या सीमा पुसट आहेत. आजचा चाळा उद्याचे व्यसन कधी होतो, हे ज्याचे त्यालाही कळत नाही. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ ‘संकट’ असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीचेच आहे. माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशी शब्दाची फोड तेथे केलेली आहे. द्यूत, मद्य, शिकार यांच्याबरोबर पूर, दुष्काळ आणि रोगराई यांचाही विचार त्याच अधिकरणात येतो. म्हणजे माणसाचा दोष आणि माणसावरची आपत्ती या दोन्ही गोष्टी या एकाच शब्दात सामावलेल्या आहेत.

क्षणिक सुखाची पकड इतकी घट्ट का असते आणि ती सैल कशी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तलफ येणे आणि ती भागणे यांत वेळ जितका थोडा, तितकी पकड घट्ट, असे मला अभ्यासान्ती वाटते. सुटका म्हणजे हे अंतर वाढविणे. आणि ते केवळ मनाच्या निर्धाराने, एकट्याने वाढविता येत नाही.

अंतराचा हिशेब

आपल्या ठाकुर्लीच्या पुढचे स्टेशन कल्याण. ‘कल्याण मटका’ हे नाव त्या शहरावरून पडले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते कल्याणजी भगत या मटकेवाल्याच्या नावावरून पडले. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर सट्टा चाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत त्याची जागा मटक्याने घेतली. तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक धरायचा. उदाहरणार्थ ५, ३ आणि ६ आले तर बेरीज १४, म्हणून आकडा ४. अंक दहा, पण बरोबर आलेल्या अंकावर रुपयाला साधारणतः नऊच रुपये मिळत. म्हणजे दीर्घकाळ खेळणारा हजार रुपयांमागे शंभर रुपये हरणार, हे गणितानेच ठरलेले. तरीही गिरणगावातील कामगारांचे पगार या मडक्यात जात राहिले.

मात्र या धंद्याला एक लगाम होता, तो घड्याळाचा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ यांच्यामध्ये काही तास जात. तेवढ्या वेळात माणूस घरी जाई, जेवे, बायकोशी दोन शब्द बोले. आठवड्याच्या लॉटरीत तर सात दिवसांचे अंतर. मोबाइलवरील पैशाच्या खेळाने हे अंतर सेकंदांवर आणले. एक डाव हरल्याचे दुःख मनात उतरण्यापूर्वीच दुसरा डाव समोर हजर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामागे अनेक कुटुंबांची वाताहत होती. परंतु बोटाने वर सरकवायच्या छोट्या चित्रफितींना पैसे लागत नाहीत, म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. तेथे खर्च होतो तो वेळ. ठाकुर्लीहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत धीम्या लोकलने सव्वा तासाच्या वर लागतो. जाऊन-येऊन अडीच तास. एवढ्या वेळात एका सत्राची नेमलेली पुस्तके वाचून होतात. आपल्यापैकी किती जणांची होतात, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे.

आवाज ऐकताच निघालेली पावले

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर जे प्रयोग केले, ते या ठिकाणी उद्‌बोधक आहेत. कळीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो, असे असेल तर दाणे बंद होताच पक्षी लवकरच थांबतो. पण दाणा कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या वेळी मिळत असेल, तर दाणे थांबल्यावरही तो कितीतरी वेळ चोच मारीत राहतो. मटका आणि चित्रफिती यांचे कूळ एकच आहे. पुढची चित्रफीत कदाचित मजेदार असेल, या ‘कदाचित’मध्येच खरी मेख आहे.

पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन या द्रव्याशी संबंधित पेशींचा अभ्यास केला. आरंभी या पेशी रस मिळाल्यावर उत्तेजित होत. माकड एकदा शिकले, की रसाची सूचना देणारी खूण दिसताच त्या उत्तेजित होऊ लागल्या. तलफ वस्तूपेक्षा खुणेने जागी होते, असा याचा अर्थ. टपरीवरील पुड्यांची माळ किंवा खिशातील फोनची थरथर या अशाच खुणा होत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त वाचताना याची आठवण होते. त्यातील जुगारी आता खेळायचे नाही असे ठरवितो; पण पटावर पडलेल्या फाशांचा आवाज कानी येताच त्याची पावले तिकडे वळतात. पत्नी दुरावली आहे, ऋण झाले आहे, सारे त्याला ठाऊक आहे. ज्ञान कमी पडलेले नाही. त्या सूक्तातील उपदेशही मननीय आहे. फासे टाक, एवढे सांगून तो थांबत नाही, तर शेत कसायला सांगतो. सोडलेल्या गोष्टीच्या जागी काय धरायचे, हेही त्याने सांगितले आहे.

निश्चय कोठे अपुरा पडतो

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकाचे नाव हीच व्यसनाची सर्वांत जुनी थाप आहे. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील. सनद रद्द झाल्याच्या अपमानात तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे सुधाकर मद्य सोडण्याचा निश्चय करतो, आणि तो निश्चय खोटा नसतो. पण काम मागायला जावे तेथे अवहेलना पदरी येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याच नाटकातील भगीरथही मद्यपी आहे. त्याला रामलालसारखा मित्र आणि लोकसेवेचे कार्य मिळते आणि तो सावरतो. दोघांच्या निर्धारात फार अंतर होते असे वाटत नाही. एकाला दार उघडे मिळाले, दुसऱ्याला बंद मिळाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाअखेरीस लहान मुलांसमोर खाऊ ठेवून प्रयोग केले. थोडा वेळ थांबल्यास खाऊ दुप्पट मिळणार होता. खाऊकडे टक लावून, दात-ओठ खाऊन थांबणारी मुले फारशी टिकली नाहीत. ज्यांनी डोळे झाकले, गाणी म्हटली, पाठ फिरवली, ती टिकली. खाऊ झाकून ठेवला तर थांबणे अधिकच सोपे गेले. अशा थांबण्यावरून मुलाचे पुढील आयुष्य कळते, असे मागाहून म्हटले जाऊ लागले. परंतु २०१८ मधील मोठ्या फेरतपासणीत घरची परिस्थिती लक्षात घेता हा संबंध बराच क्षीण आढळला. मोहावर मात करण्याची युक्ती मात्र शिकता येते, एवढा बोध आपल्याला पुरेसा आहे.

परिस्थिती आणि सोबत

व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला तेथे अफूजन्य द्रव्यांचे व्यसन जडलेले होते. ली रॉबिन्स यांच्या पाहणीत असे दिसले, की मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. रणांगण, भीती, सहज मिळणारे हेरॉइन आणि तेथील संगत हे सारे एकदमच मागे पडले होते.

पण ज्याला त्याच गल्लीत, त्याच टपरीसमोरून रोज जायचे आहे, त्याने काय करावे? याचे उत्तर पुण्यातील ‘मुक्तांगण’ने दिले. ‘गर्द’च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९८६ मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथील उपचारात औषधांइतकेच महत्त्व दिनक्रमाला, श्रमाला आणि गटात बसून मोकळेपणाने बोलण्याला आहे. रुग्णाला ‘दारुड्या’ म्हणून हिणवायचे नाही, घरच्यांनाही उपचारात सामील करायचे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा सोडायचा नाही. सुधाकरला जे मिळाले नाही, ते येथे जाणीवपूर्वक दिले जाते.

आपल्यापुरते

यावरून विद्यार्थ्यांपुरते काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की खूण दृष्टीआड करावी. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हे दुबळेपणाचे लक्षण नसून ती त्या मुलांची पाठ फिरवण्याची युक्ती होय. दुसरा असा, की तलफ आली तर तिला नकार देण्याऐवजी दहा मिनिटे थांबायला सांगावे, आणि त्या दहा मिनिटांत हाताला काम द्यावे. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरतेही. तिसरा असा, की सोडलेल्या गोष्टीची जागा रिकामी ठेवू नये. संध्याकाळी ९० फुटी रस्त्यावर एखाद्या मित्राबरोबर मारलेली फेरीसुद्धा ती जागा भरू शकते. चौथा असा, की एक दिवस नेम मोडला म्हणून सारेच संपले असे समजू नये. ‘आता गेलेच आहे, तर जाऊ दे’ हा विचार पहिल्या चुकीपेक्षा अधिक घातक असतो.

मात्र जेथे मामला युक्त्यांच्या पलीकडे गेला आहे, दारू किंवा गर्द शरीरात मुरली आहे, कर्ज झाले आहे, जीव नकोसा वाटतो आहे, तेथे वैद्यकीय मदतच घ्यावी. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर शासनातर्फे मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. आणि आपल्या बाकावरचा एखादा मित्र हल्ली तासांना दिसेनासा झाला असेल, सारखे उसने मागत असेल, तर त्याची थट्टा करण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन यावे. तळीराम शोधावे लागत नाहीत, ते आपणहून येतात. रामलाल होण्यासाठी मात्र कोणाला तरी उठून जावे लागते.