समुद्रतळातील मिथेन : कारण आणि पुरावा

समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात जीवांचे अवशेष प्राणवायूविना कुजतात व त्यातून मिथेन वायू तयार होतो. थंडी आणि पाण्याचा मोठा दाब असेल तेथे हा वायू पाण्याच्या रेणूंत अडकून बर्फासारखा घट्ट होतो. या पदार्थास मिथेन हायड्रेट म्हणतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक तापमानवाढ घडवतो. त्यामुळे समुद्र तापून हायड्रेट वितळले तर काय होईल, ही चिंता रास्त आहे.

उत्तर ध्रुवाच्या परिसरात नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह आहे. २००८ साली त्याच्या पश्चिमेकडील समुद्रात संशोधकांना तळातून वर येणाऱ्या बुडबुड्यांचे २५० हून अधिक स्तंभ आढळले. तेथील सागरप्रवाह तीस वर्षांत सुमारे एक अंशाने तापला होता. साहजिकच ही गळती तापमानवाढीमुळे असावी, असे अनुमान निघाले.

घटना केव्हा सुरू झाली हे ठरल्याशिवाय तिचे कारण सांगू नये, असे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्गात सांगत असतो. शास्त्रज्ञांनी नेमका हाच काळ शोधला. मिथेन झिरपतो तेथे सूक्ष्मजीव त्याचे भक्षण करतात आणि त्या क्रियेतून चुनखडीसारखे थर साचतात. या थरांचे वय मोजले तेव्हा काही ठिकाणची गळती किमान तीन हजार वर्षांपासून चालू असल्याचे दिसले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

शिवाय खोल तळातून निघालेला बहुतांश मिथेन गाळात व पाण्यातच सूक्ष्मजीवांकडून संपतो. हवेपर्यंत फार थोडा पोहोचतो.

याचा अर्थ मानव निर्दोष आहे, असा मात्र नव्हे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतील मिथेन आज अडीच पटींहून अधिक आहे. कोळसा खाणी, वायूवाहिन्या, गुरे, भातशेती आणि कचऱ्याचे डोंगर हे त्याचे प्रमुख मानवी स्रोत होत. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर प्रथम शेजारच्या गरीब वस्त्यांनी सोसला, हे आपण विसरू नये.

समुद्रतळाची गळती आपल्याला थांबवता येणार नाही. घरातला ओला कचरा वेगळा करून त्याचे खत करणे आणि कचऱ्याच्या शास्त्रशुद्ध विल्हेवाटीसाठी नगरपालिकेकडे आग्रह धरणे मात्र आपल्या हाती आहे. मुलांना हवामानबदल शिकवताना भीती किंवा बेफिकिरी न देता पुरावा तपासण्याची सवय द्यावी, अशी पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे.