गुणपत्रिका आणि रुग्णसेवा

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात एखाद्या गावी आशा कार्यकर्ती नेमावयाची झाली, की अर्ज चाळताना पहिली दृष्टी गुणपत्रिकेकडे जाते. ते स्वाभाविक आहे; गुण मोजता येतात, माया मोजता येत नाही. परंतु गुणांवरून यशाचे भाकीत कितपत करता येते?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या सहायकांचा अभ्यासक्रम डॉ. यूजीन स्टेड यांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९६५ साली सुरू केला. पहिले चार विद्यार्थी नौदलात शुश्रूषेचे काम केलेले होते. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. पुढे अर्ज वाढले, तशी गुणांची चाळणी बारीक झाली. मागील गुणांवरून पुढील लेखी परीक्षेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. रुग्णाच्या खाटेजवळील वर्तनाचा तितका नाही. शिवाय आपण निवडलेल्यांचेच यश मोजतो. ज्यांना नाकारले त्यांनी काय करून दाखविले असते, हे कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

ही उणीव आपल्याच राज्यात एकदा भरून निघाली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे काम आरंभिले. बाहेरून आणलेल्या परिचारिका खेड्यात रुळेनात, तेव्हा गावानेच आपल्यातील स्त्रिया सुचविल्या. त्यांतील अनेकजणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. कोणत्याही प्रवेशपरीक्षेने त्यांना दारातच अडविले असते. ठराविक दिवशी जामखेडला येऊन, पाहून, बोलून आणि पुनःपुन्हा करून त्या शिकल्या. सुईणपण, बालकांचे पोषण, अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतही बेताच्याच शिक्षणाच्या. त्यांनी नवजात अर्भकांची घरोघरी घेतलेली काळजी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी असा नव्हे. आशा कार्यकर्तीला नोंदी ठेवाव्या लागतात, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर वाचावा लागतो. तेवढी पात्रता हवीच. त्यापुढे मात्र पाच-दहा गुणांच्या फरकावर निर्णय करणे म्हणजे सोनाराच्या काट्यावर जळण तोलण्यासारखे आहे. त्यापेक्षा अडलेल्या बाळंतिणीच्या घरून रात्री-अपरात्री आजवर कोणाला बोलावणे गेले, हे सदस्यांनी त्या गल्लीतील स्त्रियांना आधी विचारावे.